पाठनिरीक्षण शिक्षकाच्या कामी कसे आणावे

कुठल्याही शाळेची शेरेपुस्तिका, म्हणजे तास पाहायला आलेल्याने शेरे लिहायची वही, उघडा, पानामागून पान तेच असते. ‘अध्यापन समाधानकारक. फलकलेखन ठळक असावे. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ खाली सही, तारीख. यातला एकही शेरा खोटा नसतो. पण तो कोणत्याही वर्गाला चालतो, म्हणून कोणत्याच शिक्षकाच्या उपयोगी पडत नाही. मागे राहणारी मुले नेमकी कोणती, ती कशावर अडली, शिक्षकाने त्या वेळी काय केले, यातले काहीच त्या पानावर नसते.

पाठनिरीक्षणातून शिक्षकाला काही मिळायचे असेल, तर निरीक्षकाने आपले मत थोडे मागे ठेवावे. शिक्षकाला शिकवता शिकवता जे दिसत नाही ते टिपून त्याच्यापुढे ठेवावे, तेही त्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नाबद्दल. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा, प्रमुख) किंवा एकमेकांचे तास पाहायची इच्छा असलेले दोन सहकारी, यांपैकी कोणालाही हे जमू शकते. फक्त क्रम पाळावा लागतो.

तपासणी वेगळी, निरीक्षण वेगळे

पहिले काम वर्गाबाहेरचे आहे. ‘साहेब तास पाहणार’ म्हटले की शिक्षकाच्या मनात गोपनीय अहवाल येतो. मग आधी शिकवून झालेला पाठच पुन्हा घेतला जातो, हुशार मुले पुढच्या बाकांवर येतात, कपाटातले तक्ते भिंतीवर चढतात. यात शिक्षकाचे काही चुकत नाही. ज्याच्या हातात आपला अहवाल आहे, त्याच्यापुढे आपली अडचण कोण मांडेल?

म्हणून एकाच भेटीत दोन्ही कामे उरकू नयेत. प्रशासकीय तपासणी करायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशी करावी आणि तसे सांगून करावी. विकासासाठी तास पाहताना गुण, श्रेणी, ‘उत्तम–मध्यम–असमाधानकारक’ यांपैकी काहीही लिहू नये. इंग्लंडमधल्या ऑफस्टेड या शाळा तपासणी यंत्रणेने २०१४ मध्ये एकेका तासाला श्रेणी देणे बंद केले. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनच्या मदतीने सुमारे तीन हजार शिक्षकांवर मोठा अभ्यास झाला. एका निरीक्षकाने एकदाच पाहून दिलेल्या गुणांवर भरवसा ठेवता येत नाही, हे त्यातूनही दिसले. निरीक्षक प्रशिक्षित असले तरी एकाच तासाला दोघे वेगवेगळे गुण देतात. आपल्याकडे तीस चौकटींचा तक्ता वीस मिनिटांत भरला जातो, त्याची काय कथा.

हे शिक्षकांना तोंडी सांगून भागत नाही. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर कुठेही काही ‘वर’ गेले नाही, याचा अनुभव आला की मगच विश्वास बसतो.

कोणी कोणाचा तास पाहावा

महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. आसपासच्या शाळांना शैक्षणिक मदत करणे हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात माहिती गोळा करणे, बैठका, ऑनलाइन नोंदी यांतच दिवस संपतो. त्यामुळे केंद्रप्रमुखाने प्रत्येक शिक्षकाचा तास पाहावा अशी अपेक्षा धरून योजना आखली, तर ती ऑगस्टमध्येच कोलमडेल. केंद्रप्रमुखाने वर्षभरासाठी मोजके शिक्षक निवडावेत आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे. बाकीच्यांच्या जोड्या लावून द्याव्यात.

माझे मत विचाराल, तर सगळ्यांत फलदायी जोडी समान दर्जाच्या दोन शिक्षकांची. दोघांचे विषय वेगळे असले तरी चालतात. मराठीच्या शिक्षकाने गणिताचा तास पाहिला, तर आशय माहीत नसल्यामुळे त्याचे लक्ष आपोआप मुलांकडे जाते. मात्र प्रश्न आशयाचा असेल, उदाहरणार्थ ‘मी भागाकार दाखवतो ती पद्धत नीट आहे का’, तर तो विषय जाणणाराच हवा.

द्विशिक्षकी शाळेत खरी अडचण येते. एकाने दुसऱ्याचा वर्ग पाहायचा, तर त्याच्या स्वतःच्या दोन-तीन इयत्ता कोण सांभाळणार? यावर तीन मार्ग चालतात. पहिला, पूर्ण तास पाहायचा हट्ट सोडणे. पंधरा मिनिटे पाहून एका प्रश्नाचे उत्तर मिळत असेल तर तेवढे पुरे, आणि तेवढा वेळ आपल्या मुलांना वाचनाला किंवा स्वाध्यायाला बसवता येते. दुसरा, केंद्रप्रमुख किंवा साधन व्यक्ती (शाळांना शैक्षणिक मदत करायला नेमलेले) शाळेत येतील त्या दिवशी एक वर्ग त्यांना घ्यायला सांगणे. हेही निरीक्षणाइतकेच मोलाचे काम आहे, पण फार कमी जण करतात. तिसरा, मोबाइल कपाटावर टेकवून शिक्षकाने स्वतःच चित्रण करणे आणि शाळा सुटल्यावर दोघांनी मिळून दहा मिनिटांचा तुकडा पाहणे. हे चित्रण दोघांतच राहील आणि पाहून झाले की पुसले जाईल, असे आधी ठरवावे. मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ शिक्षकांच्या गटावर टाकणे तर अजिबात नको.

तासाआधीची दहा मिनिटे

निरीक्षणाचा अर्धा फायदा इथे ठरतो, आणि नेमका हाच भाग वगळला जातो. अमेरिकेत कोगन आणि गोल्डहॅमर या शिक्षणतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात निरीक्षणाची जी पद्धत बांधली, तिची सुरुवातही तासाआधीच्या बोलण्यानेच होते. आदल्या दिवशी किंवा परिपाठाआधी दोघांनी बसावे. पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, चाळावे, पण त्यातल्या चुका काढायला नव्हे. विचारायचे ते एवढेच: उद्या मुलांना काय जमायला हवे, कुठे अडतील असे वाटते, आणि मी तुमच्यासाठी काय बघू?

‘काय बघू’ याला पहिले उत्तर बहुधा ‘सगळंच बघा ना’ असे येते. तिथे थांबू नये. ‘सगळं’ पाहणारा शेवटी फलकलेखनच पाहून येतो. ‘मुलांचा प्रतिसाद कसा आहे ते बघा’ हाही प्रश्न अजून धूसरच. तो दोघांनी मिळून मोजता येईल, टिपता येईल इतका बारीक करावा. बारीक झालेले प्रश्न असे दिसतात:

- मी कोणत्या मुलांना प्रश्न विचारते आणि कोणाला अख्ख्या तासात एकदाही विचारत नाही?
- चुकीचे उत्तर आले की मी पुढे काय करतो?
- गटकार्यात प्रत्यक्ष काम कोण करते आणि कोण नुसते बसते?
- मी दुसरीला शिकवत असताना चौथीची मुले काय करत असतात?

शेवटचा प्रश्न बहुवर्ग शाळेतल्या शिक्षकाला नेहमीच सतावतो, आणि त्याचे उत्तर त्याला स्वतःला कधीच मिळणार नाही. तो त्या वेळी फळ्याकडे असतो. निरीक्षकाचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

प्रश्न ठरला की वेळ, बसायची जागा आणि नंतर कधी बोलायचे, हेही तिथेच ठरवून टाकावे.

वर्गात: कुठे बसायचे, काय लिहायचे

तास सुरू होण्याआधी आत जावे. मध्येच शिरले की अख्खा वर्ग ‘नमस्ते सर’ म्हणत उभा राहतो आणि शिक्षकाचा धागा तुटतो. मागच्या बाकावर बसायची सवय सोडावी. तिथून मुलांच्या पाठी आणि शिक्षकाचा चेहरा दिसतो, म्हणजे बरोबर उलटे. पुढे एका बाजूला, खिडकीपाशी बसले तर मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतात. मुले लिहीत असताना उठून फिरावे आणि पाच-सहा वह्या पाहाव्यात, पण त्या तपासू नयेत. मूल चुकत असेल तरी तिथे सुधारू नये. शिक्षकाच्या मध्ये तर मुळीच बोलू नये. मुख्याध्यापकांना हे सर्वांत जड जाते. खडू हातात घ्यायची इच्छा झाली की पेन घट्ट धरावे.

वहीच्या पानाचे तीन भाग करावेत: वेळ, शिक्षक काय म्हणाले किंवा केले, मुले काय म्हणाली किंवा केली. चौथा भाग ‘माझे मत’ असा करू नये. ‘वातावरण आनंददायी होते’ हा निष्कर्ष झाला. ‘अकरा मुलांनी हात वर केले, त्यातल्या तिघांना विचारले, तिघेही पहिल्या दोन बाकांवरचे’ ही नोंद झाली. नोंदीशी भांडता येत नाही, निष्कर्षाशी येते. चर्चेत दोघांचा वेळ भांडणात जाऊ द्यायचा नसेल तर हा फरक सांभाळावा लागतो.

प्रश्नानुसार नोंदीची पद्धत बदलते. कोणाला विचारले जाते हे पाहायचे असेल तर बैठकव्यवस्थेचा आराखडा काढावा आणि विचारले की त्या चौकोनात रेघ मारावी. तासाअखेरीस मुलींची एक अख्खी रांग कोरी दिसली, तर त्यावर वेगळे भाष्य करायची गरज उरत नाही. गटकार्य पाहायचे असेल तर दर पाच मिनिटांनी एकच गट न्याहाळून कोण काय करते आहे ते लिहावे. बी.एड.ला सगळ्यांनी पाठ केलेली फ्लँडर्सची पद्धत, म्हणजे वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार धरून दर तीन सेकंदांनी चालू असलेल्या प्रकाराचा आकडा लिहिणे, संशोधनासाठी ठीक आहे. रोजच्या कामात ती निरीक्षकालाच दमवते.

एक गोष्ट मात्र सेकंदांत मोजावी: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्यापुढे नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झाले. हे मोजायला मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणणे पुरते. शिक्षकाला स्वतःचा आकडा ऐकून बहुतेक वेळा धक्काच बसतो. त्याला वाटत असते की आपण भरपूर थांबतो.

नोंदीचा एक नमुना

समजा, पाचवीच्या बाईंचा प्रश्न आहे: ‘चुकीचे उत्तर आले की मी काय करते?’ पाठ अपूर्णांकांच्या तुलनेचा. वहीत अशी नोंद होईल:

११.०८ – बाई: “एक छेद तीन आणि एक छेद पाच, यात मोठा कोणता?” दोन मुलगे एकदम: “एक छेद पाच!” बाई लगेच: “नीट बघा.” एक मुलगी: “एक छेद तीन.” बाई: “शाब्बास. छेद लहान, तो अपूर्णांक मोठा.” हे वाक्य फळ्यावर चौकटीत लिहिले.

११.१० – सगळे नियम उतरवतात. पहिल्या दोघांपैकी एक जण शेजाऱ्याला: “पण पाच मोठा आहे ना?” शेजारी खांदे उडवतो.

११.१३ – बाईंनी चार जोड्या दिल्या. शेवटची १/२ आणि ३/४. सहा वह्या पाहिल्या. चौघांनी १/२ मोठा लिहिला आहे. एका मुलीने दोन भाकऱ्या काढून भाग रंगवले आहेत, तिचे उत्तर ३/४.

११.१९ – बाई फळ्यावर उत्तरे लिहितात. १/२ लिहिलेली मुले खोडून ३/४ लिहितात. कोणी काही विचारत नाही.

अकरा मिनिटांच्या या नोंदीत शेरा एकही नाही. तरी फळ्यावरचा नियम फक्त अंश समान असतानाच चालतो, तो मुलांनी सगळीकडे लावला, आणि पहिल्या दोघांची मूळ समजूत तशीच राहिली, हे सगळे त्यात आहे. भाकरी काढणारी मुलगी तर नोंदीतच सापडली. बाईंना ती दिसली नव्हती.

वही समोर ठेवून बोलणे

शक्यतो त्याच दिवशी बसावे. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या गडबडीत नको, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर खुर्ची टाकूनही नको. त्याच वर्गात, मुले गेल्यावर, एका बाकावर बसले तर बोलणे मोकळे होते. बोलण्याआधी निरीक्षकाने दहा मिनिटे स्वतःची नोंद वाचावी आणि ठरलेल्या प्रश्नाशी जोडलेले एक-दोन प्रसंगच निवडावेत. बाकीचे कितीही महत्त्वाचे वाटले तरी बाजूला ठेवावे.

आधी कौतुक, मग उणीव, मग पुन्हा कौतुक, असा एक साचा प्रशिक्षणांत सांगतात. तो मला पटत नाही. शिक्षकांना तो पाठ झालेला असतो. पहिले कौतुक ऐकतानाच ते ‘पण’ कधी येतो याची वाट पाहतात, आणि मग खरे कौतुकही वाया जाते. त्यापेक्षा नोंदवही सरळ शिक्षकाच्या हातात द्यावी, दोन मिनिटे वाचू द्यावी आणि गप्प बसावे. मेरी बड रो यांची गोष्ट इथेही लागू होते.

बोलणे साधारण असे चालते.

“बाई, हे अकरा वाजून आठचं बघा. ‘एक छेद पाच’ म्हणताना त्या दोघांच्या डोक्यात काय असेल?”

“पाच तीनपेक्षा मोठा, म्हणून. दरवर्षीच होतं ते.”

“आणि तास संपताना त्यांना काय वाटत असेल?”

बाई खालची ओळ वाचतात. “अजून तेच. मी त्यांना विचारलंच नाही. बरोबर उत्तर आलं की मला बरं वाटतं आणि मी पुढे जाते.”

“ही १/२ आणि ३/४ वाली वही?”

“माझा नियम लावलाय त्यांनी! अंश सारखे असतील तरच, हे मी म्हटलंच नव्हतं.”

इथे निरीक्षकाने काही शिकवले नाही, तरी नेमके निदान झाले. प्रत्येक वेळी असे घडेलच असे नाही. कधी शिक्षक म्हणतो, ‘मुलंच कच्ची आहेत, मागच्या वर्गात काही झालेलं नाही.’ तेव्हा वाद घालू नये. ‘असेल. त्यातल्या कोणाला जमलं आणि त्याने कसं केलं?’ असे विचारून पुन्हा नोंदीकडे यावे. भाकरी काढणारी मुलगी अशा वेळी कामी येते. आणि शिक्षक नवा असेल, त्याला खरोखरच वाट सापडत नसेल, तर प्रश्नांचा खेळ लांबवू नये, सरळ सांगावे: अशा वेळी मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेऊन एकीचे तीन आणि दुसरीचे पाच सारखे भाग होतील अशा घड्या घालायला लावतो, तुम्हीही करून बघा. सल्ला देणे वाईट नाही. न मागता, नोंद न दाखवता दिलेला सल्ला वाया जातो.

वरिष्ठ शिक्षकाचा तास पाहणाऱ्या तरुण मुख्याध्यापकाची पंचाईत वेगळी. पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या गुरुजींना काय सांगायचे? काही सांगू नये. आधी त्यांना आपल्या तासाला बोलवावे, आपला प्रश्न द्यावा, त्यांची नोंद ऐकून घ्यावी आणि त्यातले काहीतरी खरोखर अमलात आणावे. पुढचे आमंत्रण बहुधा त्यांच्याकडूनच येते.

एकच बदल, आणि पुन्हा भेट

चर्चेच्या शेवटी शिक्षकाने एक बदल स्वतःच्या शब्दांत लिहावा. तीन नव्हे, एक. ‘प्रश्नोत्तर तंत्र सुधारेन’ हा बदल नव्हे. ‘चुकीचे उत्तर आले की “तुला तसं का वाटलं?” विचारेन आणि तीन सेकंद थांबेन’ हा बदल. तो उद्याच्या तासाला करता येतो आणि झाला की नाही हे दुसऱ्याला दिसते.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा पंधरा मिनिटे जावे आणि फक्त तेवढेच पाहावे. ही दुसरी भेट नसेल तर पहिलीचा फारसा उपयोग होत नाही. एका शिक्षकाकडे वर्षातून चारदा गेलेले बरे, चार शिक्षकांकडे एकेकदा गेल्याने आकडा तेवढा फुगतो. दुसऱ्या भेटीत बदल दिसला नाही तर कारण शोधावे. पुष्कळदा सवय आड येते. ‘का’ विचारल्यावर मूल घाबरून गप्प होते, शिक्षकाला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मग बदल थोडा वळवावा: उत्तर बरोबर असो की चूक, दोन्ही वेळा ‘का’ विचारावे. आठवड्याभरात मुलांना त्याची सवय होते आणि ‘का’ म्हणजे चुकलो, हा समज जातो.

कागद कोणाकडे राहील

नोंदीचे मूळ पान शिक्षकाचे. निरीक्षकाकडे फक्त तारीख, वर्ग, ठरलेला प्रश्न आणि ठरलेला बदल, एवढ्या चार गोष्टी राहाव्यात. शेरेपुस्तिकेत काही लिहिणे बंधनकारकच असेल, तर ‘अमुक तास पाहिला, चर्चा केली’ एवढे पुरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. व्हिडिओ सुरू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात ते तास सहज संपतात. जोडीने पाहिलेले तास आणि त्यावरच्या चर्चा त्यात धरल्या जाव्यात, यासाठी मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) आग्रह धरायला हरकत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत

दोन-तीन जोड्यांना सवय झाली की पुढची पायरी घेता येते. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत सूचना आणि परिपत्रकांचे वाचन थोडक्यात आटोपून एक प्रत्यक्ष तास ठेवावा. जपानमध्ये जुग्यो केनक्यू नावाची जुनी परंपरा आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो खऱ्या वर्गात घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सगळे चर्चेला बसतात. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असतो, त्यामुळे फसला तर तो शिकवणाऱ्या एकट्याचा फसत नाही.

आपल्याकडे हे करताना दोन पथ्ये पाळावीत. ‘आदर्श पाठ’ ही पाटी लावू नये, कारण मग पुन्हा तक्ते आणि हुशार मुले पुढे येतात. अवघड जाणारा घटक निवडावा: हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरांचे वाचन, सममूल्य अपूर्णांक. आणि प्रत्येक निरीक्षकाला दोन किंवा तीनच मुले नेमून द्यावीत. वीस शिक्षक वीस मिनिटे शिक्षकाकडेच पाहत राहिले तर त्याचा घसा कोरडा पडतो. तेच वीस जण चाळीस मुलांकडे पाहत असले तर चर्चेच्या वेळी अख्खा वर्ग समोर मांडता येतो. चर्चेत पहिली संधी पाठ घेणाऱ्याला, मग मुले पाहणाऱ्यांना, आणि साहेबांना शेवटी. हा क्रम साहेबांनी स्वतःच जाहीर केला तर उत्तम.

सुरुवात जूनमध्ये करू नये. पटनोंदणी, पाठ्यपुस्तक वाटप, नवे वेळापत्रक यांत कोणालाच सवड नसते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात जोड्या ठरवाव्यात, पहिली फेरी गणपतीच्या सुट्टीआधी आणि दुसरी सहामाही परीक्षेआधी घ्यावी. दिवाळीनंतर ज्या जोड्या स्वतःहून पुढे चालू ठेवतील, त्यांच्याकडेच केंद्रप्रमुखाने आपला उरलेला वेळ द्यावा. बाकीच्यांना पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येते.